काळी पाटी, पांढरा नंबर

एचएसआरपी बसवून देणाऱ्या केंद्रात गाडी एकदा आत लागली की काम पाच-दहा मिनिटांचं असतं. मुलगा बॅटरीवरचं ड्रिल घेऊन येतो, जुन्या पाटीचे स्क्रू गंजून बसले असतील तर सरळ त्यांच्यातूनच भोक पाडतो, पाटी उतरवतो आणि नवी पाटी स्नॅप लॉकने ठोकून देतो. हे लॉक एकदाच बसतं, काढायचं झालं तर तोडावंच लागतं. उतरवलेली पाटी मालकाने मागून घेतली तर त्याच्या हातात, नाहीतर कोपऱ्यातल्या ढिगात.

२०२५ साली ठाणे, कल्याण, डोंबिवलीत असे ढीग जागोजागी साठले. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदणी झालेल्या प्रत्येक वाहनाला ही उच्च सुरक्षा पाटी लावायची, असा सरकारी आदेश होता. दुचाकीला ४५० रुपये, रिक्षाला ५००, मोटारीला ७४५ आणि वर जीएसटी. मुदत आधी मार्चअखेर होती, मग एप्रिल, मग जून, मग १५ ऑगस्ट, मग नोव्हेंबर अशी ती सरकत गेली आणि प्रत्येक मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात लोकांना अचानक जाग येत गेली.

ढिगातला बहुतेक माल टाकाऊच. तडकलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या, रेडियमवाल्याने कापून चिकटवलेले आकडे, ४१४१ चं ‘पापा’ आणि ८०५५ चं ‘बॉस’ करणारी हुशारी, गणपतीच्या चित्राखाली कोंबलेला नंबर. हे सगळं भंगारात गेलं याचं मला काडीइतकंही दुःख नाही. पण अशा ढिगात अधूनमधून एखादी वेगळी पाटी निघते. जाड पत्रा, काळा एनॅमल, त्यावर हाताने काढलेली पांढरी अक्षरं. कडेला पोपडे सुटलेले, आणि पोपड्याखाली आणखी जुना एक काळा थर. ही पाटी ज्या घराण्यातली आहे त्याचं मूळ विलायतेत आहे, आणि ते घराणं आपल्याकडे जवळजवळ शंभर वर्षं नांदलं. आपला कायदा जुन्या गाडीला मान देतो, तिचा जुना नंबरही राखू देतो. ज्या पत्र्यावर तो नंबर लिहिला होता त्या पत्र्याला मात्र कुणी वाली नाही.

गाडीला नंबर लावायची सक्ती ब्रिटनने १९०३ च्या मोटार कायद्याने केली आणि १ जानेवारी १९०४ पासून ती अमलात आली. प्रत्येक कौंटीला अक्षर दिलं गेलं आणि ते लोकसंख्येच्या क्रमाने दिलं गेलं: लंडनला ‘ए’, लँकेशायरला ‘बी’, यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगला ‘सी’. लंडनचा पहिला नंबर, ‘ए १’, अर्ल रसेल या सरदाराने पटकावला. म्हणजे भारी नंबराची हौस ही आपल्या बिल्डर मंडळींनी काढलेली नाही. ती नंबरप्लेटइतकीच जुनी आहे. अक्षरं साडेतीन इंच उंच असावीत, रंग काळ्यावर पांढरा असावा, हेही तेव्हाच ठरलं. घोडागाडीच्या जमान्यातल्या पोलिसाला धूळ उडवत जाणाऱ्या मोटारीचा नंबर वाचता यावा, एवढाच हेतू.

तीच पाटी साम्राज्याबरोबर इकडे आली. हिंदुस्थानासाठी १९१४ चा मोटार कायदा झाला, पुढे १९३९ चा, आणि त्यानंतर प्रांतवार अक्षरांची घडी बसली. मुंबई प्रांताच्या वाट्याला ‘बीएम’ आलं. जुन्या फोटोंत आणि कृष्णधवल चित्रपटांत दिसणारे बीएमएक्स, बीएमझेड वगैरे नंबर त्या घडीतले. तीन अक्षरं आणि चार आकड्यांपर्यंत नंबर, हा साचाही विलायतेत रुळलेल्या साच्याशी मिळताजुळता. १९६० साली महाराष्ट्र झाल्यावर एमआर, एमएच, एमएम ही अक्षरं आली. मग १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि आजची पद्धत सुरू झाली: राज्य, कार्यालयाचा क्रमांक, मालिका, नंबर.

या क्रमांकांत एक प्रवास दडलेला आहे. १, २ आणि ३ मुंबईचे. ४ ठाणे, ५ कल्याण. मग खाडी ओलांडून ६ वर पेण, तिथून झेप थेट तळकोकणात, ७ सिंधुदुर्ग, परत वर ८ रत्नागिरी, घाट चढून ९ कोल्हापूर, आणि सांगली, साताऱ्यामार्गे १२ वर पुणे. ज्याने हा क्रम लावला त्याने समोर नकाशा ठेवून बोट फिरवलं असणार.

ठाण्याचा ४ एके काळी अवाढव्य होता. आज वाशीची गाडी ४३ ची, वसईची ४८ ची, आणि आता मीरा-भाईंदरलाही ५८ मिळाला. पण विरारच्या सोसायटीत किंवा नेरूळच्या इमारतीखाली एखादी म्हातारी फियाट उभी असेल आणि तिच्यावर एमएच ०४ असेल, तर ती ठाण्याहून आणलेली असेलच असं नाही. ती नोंदली गेली तेव्हा ते गावच ठाण्याच्या कार्यालयाखाली होतं. गाडी ‘ठाणे पासिंग’ की ‘कल्याण पासिंग’ हा प्रश्न इथे आजही आडनावासारखा विचारला जातो, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत त्याचं उत्तर जिल्ह्याच्या जुन्या हद्दी सांगतं.

आता काळ्या पाटीचं वय कसं ओळखायचं, ते पाहू.

पहिला निकष रंगाचा. खासगी गाडीला काळ्यावर पांढरी अक्षरं ही पद्धत आपल्याकडे २००१-०२ पर्यंत चालली. मग खासगीला पांढऱ्यावर काळी आणि भाड्याच्या वाहनाला पिवळ्यावर काळी अक्षरं आली, २०१८ मध्ये विजेच्या गाड्यांसाठी हिरवी पाटी आली. ब्रिटनने हा बदल आपल्यापेक्षा जवळपास तीस वर्षं आधी केला: प्रकाश परावर्तित करणाऱ्या पाट्या तिथे १९६८ पासून चालू लागल्या आणि १९७३ पासून नव्या गाड्यांना सक्तीच्या झाल्या, पुढे पांढरी, मागे पिवळी. त्यामुळे विलायतेत काळी पाटी म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर मॉरिस मायनर येते. आपल्याकडे तीच काळी पाटी मारुती ८०० वर, एस्टीमवर, अगदी पहिल्या सँट्रोवरही होती. आज रस्त्यावर नवी काळी पाटी दिसलीच तर तिच्यावरची अक्षरं पिवळी असतात. ती भाड्याने घेऊन स्वतः चालवायची गाडी.

दुसरा निकष अक्षरांचा. बीएम असेल तर गाडी मुंबई प्रांताच्या किंवा द्विभाषिक राज्याच्या अमदानीतली. तीन अक्षरी एमआर किंवा एमएम असेल तर महाराष्ट्र स्थापनेनंतरची आणि १९८९ च्या आधीची. मात्र हे गाडीच्या नोंदणीचं वय झालं, पाटीचं नव्हे. १९५५ च्या गाडीवर १९८० साली नवी पाटी रंगवून घेतलेली असू शकते आणि बहुतेक वेळा तसंच असतं, कारण समुद्राजवळच्या हवेत पत्र्याची पाटी पंधरा-वीस वर्षांच्या वर क्वचितच तग धरते.

म्हणून तिसरा आणि खरा निकष घडणीचा. ब्रिटिश पाट्या मुख्यतः चार प्रकारच्या. सगळ्यात जुन्या म्हणजे पत्र्यावर किंवा थेट गाडीच्या अंगावर ब्रशने रंगवलेल्या. दुसऱ्या ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या, ज्यांत आकडे पाटीबरोबरच ओतले जातात. त्या हातात घेतल्या की वजनावरून कळतात. तिसऱ्या दाबून उठाव आणलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पाट्या. चौथ्या, काळ्या पत्र्यावर एकेक सुटा आकडा रिबिटने ठोकलेल्या. मागच्या बाजूला कधी बनवणाऱ्याचा शिक्का असतो. कव्हेंट्रीजवळच्या वोल्स्टन गावातले ब्ल्यूमेल्स हे त्यातलं मोठं नाव, सायकलचे पंप आणि मडगार्ड बनवणारे हेच. विलायतेहून नंबरासकट बोटीने आलेल्या गाडीची तिकडची पाटी अशी असे. इथे उतरल्यावर इथला नंबर घ्यावा लागे आणि ती पाटी निघे. कुणी जपली असेल तर गॅरेजच्या भिंतीवर किंवा डिकीत सापडते.

आपल्याकडे मात्र राज्य ब्रशचं. आरटीओच्या फाटकाबाहेर एजंट, झेरॉक्सवाला आणि चहावाला यांच्या शेजारी नंबरप्लेट रंगवणारा पेंटर बसे. पत्रा घासून काळा करायचा, वाळवायचा, वरखाली दोन रेघा मारायच्या आणि लांब केसांच्या ब्रशने अक्षर एका दमात ओढायचं. पांढऱ्याला दुसरा हात द्यावाच लागे, नाहीतर खालचा काळा डोकावे. प्रत्येक पेंटरचा हात वेगळा, आणि तो ३, ५ आणि ७ मध्ये पकडता येतो: ५ चं पोट किती फुगवलं आहे, ७ चा पाय सरळ उतरतो की वळतो. १९८९ च्या केंद्रीय नियमांनी मोटारीच्या अक्षराची उंची ६५ मिलिमीटर आणि जाडी १० मिलिमीटर ठरवून दिली होती. जुन्या पाट्यांवर पट्टी लावून पाहिली तर पेंटरांनी नियम डोळ्यांनीच मोजलेला दिसतो.

दुचाकीच्या पाटीची गोष्ट आणखी मजेदार. पुढच्या मडगार्डवर, चाकाच्या दिशेने उभी, कमानीसारखी वाकलेली आणि दोन्ही बाजूंनी रंगवलेली पाटी ज्यांनी बुलेट, जावा, येझदीवर पाहिली आहे त्यांचं वय मी विचारणार नाही. हीसुद्धा विलायती रीत. तिकडे १९७५ मध्ये पुढच्या पाटीची सक्ती गेली. धडकेत पादचाऱ्याला ही पाटी सुरीसारखी लागे. आपल्याकडे ती त्यानंतरही बरीच वर्षं दिसत होती. कमानीवर आकडे रंगवणं ही पेंटरची परीक्षा, कारण रेघ वाकडी पण अक्षर उभं ठेवायचं असतं. मोटारसायकल विकत घेणाऱ्या हौशी मंडळींना टाकी मिळते, कार्ब्युरेटर मिळतो. ही पाटी मूळची मिळणं दुर्मीळ.

आणि एक खास कल्याणचा धागा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिथेच सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या जीपगाड्या देशभर नागरी हातांत गेल्या. अशा जीपच्या बॉनेटवर किंवा बंपरवर नागरी रंगाखाली कधी वर टोक केलेला बाण निघतो. ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची शतकांपूर्वीची खूण. आपल्या सैन्याने ती सोडली नाही. आजही लष्करी वाहनाचा नंबर बाणाने सुरू होतो आणि त्याच्या पुढचे दोन अंक गाडी कोणत्या वर्षी घेतली ते सांगतात. कल्याणच्या बाजूला जुनी जीप रंग काढायला घेतलीत तर आधी बंपर हळू घासा.

हळू घासा हे सांगायचं कारण असं, की पाटी वाचवण्यापेक्षा ती मारण्याचे प्रकार जास्त. डेंटिंग-पेंटिंगवाल्याच्या हातात दिली की तो चांगल्या मनाने ग्राइंडर लावतो, पत्रा लख्ख करतो, लांबी भरतो, स्प्रे मारतो आणि कॉम्प्युटरवर कापलेले आकडे चिकटवतो. पाटी नवी होते आणि जुनी कायमची जाते. गाडीचा रंग परत मारता येतो. पेंटरचा हात परत आणता येत नाही.

म्हणून पहिली पायरी वाचण्याची. पाटी अंधाऱ्या खोलीत आडवी ठेवून एका बाजूने टॉर्च अगदी तिरपा धरला की ब्रशच्या कडा उंचवट्यासारख्या दिसतात. वरचा रंग काळा करून टाकलेला असला तरी खालचा आकडा असा वाचता येतो. वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवायचे. मग पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासून छाप घ्यायचा. कोपऱ्यात जरा पोपडा सुटलेला असेल तिथे थर मोजायचे. एका पत्र्यावर दोन नंबर निघणं ही नवलाची गोष्ट नाही. पत्रा महाग होता, जुनीच पाटी उलटवून किंवा काळी करून पेंटर पुन्हा वापरत. मागची बाजू पाहायला विसरू नये.

मग सफाई. साध्या साबणाचं कोमट पाणी, सुती कापड, दाताचा मऊ ब्रश. थिनर नाही, रॉकेल नाही, तारेचा ब्रश तर नाहीच. थिनर काळ्याबरोबर पांढराही नेतो. गंज जिथे उघडा पडला आहे तिथेच तेलाचा थेंब टाकून तो मऊ करायचा, लाकडी काडीने उचलायचा आणि पत्रा कोरडा करून पातळ मेण चढवायचं. अक्षराचा तुकडा उडालेला असेल तर फक्त तेवढीच जागा भरायची, आणि तीही अशी की जवळून पाहणाऱ्याला नवं कोणतं ते कळावं. पुष्कळ हौशी मालकांना हे पटत नाही. त्यांना पाटी रॅलीत चमकायला हवी असते. त्यावर उपाय सोपा: चमकणारी प्रतिकृती वेगळी रंगवून घ्या आणि मूळ पाटी घरी ठेवा.

धातूच्या पाट्यांचं शास्त्र निराळं. दाबीव किंवा ओतीव पाटी असेल तर जुना रंग निघाल्यावर संपूर्ण पाटी काळी करायची, वाळू द्यायची, मग सपाट लाकडी ठोकळ्यावर बारीक ओला पॉलिश पेपर गुंडाळून वरून फिरवायचा. उठावाच्या माथ्यावरचा काळा जातो, खोलगट भागातला राहतो, आणि अ‍ॅल्युमिनियमचे चंदेरी आकडे उघडे पडतात. ठोकळ्याऐवजी बोटाने घासलं की कडा गोल होतात आणि पाटी बिघडते. सगळा खेळ ठोकळ्याचा आहे. सुट्या आकड्यांच्या पाटीत रिबिट मागून हलकेच सोडवायचे, आकडे ब्रासोने वेगळे चकाकवायचे, पत्रा रंगवायचा आणि परत त्याच भोकांत बसवायचे. भोकं जुळत नसतील तर समजावं की आकडे आधीच कुणीतरी बदललेले आहेत. नकली पाटी पकडायची ही माझ्या मते सगळ्यात भरवशाची युक्ती, कारण अक्षरांची नक्कल कुणीही करतो. पत्र्याच्या पाठीवरच्या भोकांकडे कुणी पाहत नाही.

ठाण्यात या धातूच्या पाट्यांचा एक खास रोग असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या आकड्याला लोखंडी रिबिट मारलेला असला की खाडीवरची खारट, दमट हवा दोन धातूंमध्ये काम सुरू करते. आकड्यामागे पांढरी पूड जमते, ती फुगते आणि आकडा पत्र्यापासून उचलला जातो. एका पावसाळ्यात नाही, पण पाच-सात पावसाळ्यांत नक्की. परत बसवताना रिबिट अ‍ॅल्युमिनियमचाच घ्यावा, किंवा मध्ये रबराची पातळ चकती घालावी. इंग्रज कारागिरांच्या पुस्तकांत पाऊस आहे, पण कोपरी-कळव्याचा पावसाळा नाही.

आता कायद्याकडे येऊ, कारण इथेच गाडी अडते.

१५ जुलै २०२१ रोजी केंद्राने विंटेज वाहनांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि मोठे फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे विंटेज. अर्ज फॉर्म २० वर, सोबत विमा, जुनं आरसी बुक, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री. साठ दिवसांत नोंदणी. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुन्हा नोंदणी करताना ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ नंबर ठेवता येतो. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही खूण असलेला नंबर मिळतो. बदल्यात एक अट: रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी गाडी रस्त्यावर काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, देखभाल, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच.

बीएम नंबर राहिला, ही या नियमांतली खरी चांगली गोष्ट. १९८९ नंतरच्या काळात जुन्या गाडीवाल्यांची सगळ्यात मोठी धास्ती हीच होती, की कागदपत्रांच्या एखाद्या फेऱ्यात जुना नंबर जाईल आणि वाडवडिलांच्या गाडीला नवाकोरा नंबर चिकटेल. ज्याला गाडी खरंच चालवायची आहे त्याची मात्र कोंडी होते. विंटेज नको म्हणून साधी नोंदणी ठेवली तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ती फी दहा हजार रुपये झाली. आयात मोटारीसाठी ऐंशी हजार. आजोबांनी बोटीतून आणलेल्या ऑस्टिनमध्ये बसून रविवारी सकाळी उपवन तलावाला चक्कर मारायची हौस आता एवढ्याला पडते.

विंटेजच्या वाटेला न गेलेल्या गाडीला एचएसआरपीही आलीच. म्हणजे १९५८ च्या गाडीच्या क्रोमच्या बंपरवर एक मिलिमीटर जाडीची पांढरी पाटी, वर डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचं वीस मिलिमीटरचं होलोग्राम, खाली लेझरने कोरलेला क्रमांक, निळ्यात आयएनडी. ही पाटी कुरूप आहे, पण ती अकारण आलेली नाही हेही सांगायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत ताजमहाल हॉटेलबाहेर एकाच नंबरच्या दोन मोटारी समोरासमोर सापडल्या. खऱ्या नंबराच्या गाडीवाल्याला न केलेल्या गुन्ह्यांची चलनं येत होती. कॅमेऱ्याने चलन काढायच्या काळात कुणीही रंगवू शकेल अशी पाटी म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालायची सोय. फुलपानं काढलेली, देवनागरी आकड्यांतली पाटी कॅमेरा वाचत नाही आणि नियमातही बसत नाही. मराठी अभिमानाला दुसऱ्या अनेक जागा आहेत.

माझी तक्रार नव्या पाटीबद्दल नाही, जुनीचं काय करायचं याचा विचारच न झाल्याबद्दल आहे.

ब्रिटनमध्ये तो विचार कसा झाला ते पाहण्यासारखं आहे. तिथे ठरावीक काळाआधीच्या, ऐतिहासिक गटात नोंदलेल्या गाड्यांना आजही रस्त्यावर काळी पाटी आणि चंदेरी किंवा पांढरी अक्षरं लावायची मुभा आहे. नोंदी कौंट्यांकडून स्वान्सीच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयाच्या संगणकात गेल्या तेव्हा अनेक जुन्या गाड्यांचे नंबर वाटेत गळले, आणि १९८३ मध्ये जुन्या नोंदी घेणं बंद झालं. मग व्ही-७६५ नावाची सोय ठेवली गेली. जुनं लॉगबुक किंवा कौंटीच्या वहीतली नोंद दाखवायची, मान्यताप्राप्त मोटार क्लबने गाडी तपासून दुजोरा द्यायचा, आणि मूळ नंबर परत मिळवायचा. मिळालेला नंबर सहसा त्याच गाडीशी बांधलेला राहतो, दुसऱ्या गाडीवर नेता येत नाही. ही अट शहाणपणाची, कारण त्या देशात नंबरांचा बाजार भयानक तेजीत आहे. २०१४ साली ‘२५ ओ’ हा नंबर पाच लाख पौंडांहून अधिकाला गेला, बहुधा फेरारी २५० वर लावायच्या मोहाने. कौंट्यांच्या जुन्या वह्यांपैकी पुष्कळशा ड्रॉइटविच इथल्या किटहेड ट्रस्टने सांभाळल्या आहेत. गाडीप्रेमी तिथे जाऊन आपल्या गाडीचा पहिला मालक कोण, मूळ रंग कोणता, हे शोधतात.

आपल्याकडे भारी नंबराचा भाव सरकार स्वतःच ठरवतं. ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेनंतर ०००१ साठी चारचाकीला राज्यात पाच लाख, मुंबई-पुण्यासारख्या मागणीच्या ठिकाणी सहा लाख रुपये पडतात. मालिकेबाहेरचा हवा असेल तर आकडा अठरा लाखांपर्यंत जातो. नव्या नंबराची किंमत अशी चोख ठरलेली असताना जुन्या नंबराच्या वहीला किंमत लावायची राहून गेली. जुनी गाडी ‘वाहन’ या संगणकीय नोंदवहीत नसेल तर तिची बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. चॅसी नंबरातलं एक अक्षर इकडचं तिकडे असलं तर पुढचं काहीच हलत नाही. अशा वेळी आधार जुन्या आरसी बुकाचा, टॅक्सच्या पावत्यांचा आणि गाडीजवळ उभं राहून काढलेल्या लग्नातल्या फोटोचा. फोटोत पाटी वाचता आली तर सोन्याहून पिवळं.

आणि हा प्रश्न फक्त ऑस्टिन-मॉरिसवाल्या मूठभर घराण्यांचा राहणार नाही. १९८९ साली ठाण्यात नोंदलेल्या एमएच ०४ च्या पहिल्यावहिल्या गाड्या २०३९ मध्ये पन्नास वर्षांच्या होतील. त्या बहुतेक फियाट, मारुती आणि अ‍ॅम्बेसेडर असतील, म्हणजे मध्यमवर्गाच्या घरची पहिली गाडी.

डोंबिवलीकरांचा तर हक्कच मोठा. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी. पद्मिनी कुर्ल्याला बनायची आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर फ्रेंच कंपनीच्या भागीदारीत पूजो ३०९ इथे डोंबिवलीला बनली. कामगारांशी तंटा झाला, भागीदारी फिसकटली, चार-पाच वर्षांत खेळ आटोपला. आज त्या परिसरात उंच इमारती आहेत आणि प्रीमियर मैदान हे नाव राजकीय सभांच्या बातम्यांत येतं. पद्मिनीचं कौतुक बरंच झालं. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी पानं भरली. डोंबिवलीच्या पूजोसाठी कुणी ओळही लिहिली नाही. तिची एखादी धड गाडी अजून कुणाच्या तरी आवारात ताडपत्रीखाली असेल, तर ती २०४४-४५ च्या सुमारास विंटेज होईल. मालक फॉर्म २० भरेल, तपासणारे अधिकारी इंजिन, चॅसी, आसनं, काचा मूळच्या आहेत का ते पाहतील आणि ‘मूळ स्वरूपात जपलेली’ असा शेरा देतील. गाडीवर नंबर तोच असेल. ती नोंदली गेली तेव्हाची पाटी काळी होती, हे त्या वेळी त्यांना माहीत असेल का?

असेल, जर ती काळी पाटी कुणी घरी आणली असेल तर. आणली असेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका. इकडच्या पावसाळ्यात पिशवीच्या आत घाम धरतो आणि दोन वर्षांत पत्र्याचा चुरा होतो. जुन्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, आडवी ठेवा, वर वजन ठेवू नका. मागच्या बाजूला रंग नसलेल्या जागी गाडीचं नाव, साल आणि चॅसी नंबर पेन्सिलीने लिहा. पेनाने नको, शाई पत्र्यावर फुटते.